समासातला अ

“पेंटर, खाली उतरा जरा. तुमच्या पाठीमागं अर्धा आजार झाकलाय,” मुळीक गुरुजी म्हणाले.

मी शिडीवरून उतरलो. गुरुजी दहा पावलं मागे गेले, चष्मा शर्टाला पुसला आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचू लागले.

“रोग ओळखा, कारण जाणा. लक्षण म्हणजे शरीराने दिलेली सूचना. संसर्ग म्हणजे एकाकडून दुसऱ्याला होणारी लागण. संसर्गजन्य रोग : मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, संधिवात. निदान : रक्ततपासणी.”

“कसं झालंय?” मी विचारलं.

“एक वेलांटी चुकलेली नाही. पेंटर, तुम्ही मास्तर व्हायला पाहिजे होतं.”

गुरुजींनी वेलांट्या बघितल्या, शब्द बघितला नाही. मीही बघितला नव्हता.

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची आहे. माझी बायको अनुसया ही गोष्ट फार चांगली सांगायची. सोपानरावांचा आवाज काढायची, गुरुजींसारखा चष्मा पुसायची. ती जाऊन येत्या माघात दोन वर्षं होतील. आता ती सांगणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मी सांगतो. मला आवाज काढता येत नाहीत.

आमचं मोरदरे गाव लहान. तालुक्यात फ्लेक्सची मशीन आली तसं माझं काम बसलं होतं. दुकानांच्या पाट्या गेल्या, वाढदिवसाचे फलक गेले. राहिल्या फक्त सरकारी भिंती. आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या भोईटे सिस्टरनी शाळेची भिंत मला मिळवून दिली. मजकूर त्यांनीच लिहून दिला, शाळेच्या वहीच्या फाडलेल्या पानावर, आणि त्याच दिवशी त्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या गावी गेल्या. मी सोमवारी भिंत पूर्ण केली.

मंगळवारी सकाळी शाळेसमोरच्या बबनच्या गाड्यावर चहा घेत होतो. बबननं भिंतीकडं बोट केलं.

“पेंटर, हे खरं काय ओ? शुगर लागती?”

“सरकारी भिंत आहे. मी लिहिणारा.”

“आणि ते निदान रक्ततपासणी म्हणजे? बाकी काय नाय जमलं तर निदान रक्त तरी तपासा, असं?”

“असंच असणार,” मी म्हणालो.

सोपानराव बाकावर बसले होते. ते शाळा समितीचे अध्यक्ष. गावात कुठलीही गोष्ट घडली की ती आपल्याला आधीच माहीत होती असं ते सांगायचे.

“मला कधीच शंका होती,” ते म्हणाले. “जगतापांच्या घरात तिघांना शुगर हाय. एका घरात तिघं. ही लागण नाय तर काय हाय? थोरल्याला झाली, मधल्याला झाली, मग थोरल्याच्या बायकोला झाली. सरळ रेघेत चाललीय.”

“मग धाकट्याला कशी नाय झाली?” बबननं विचारलं.

“तो पुण्यात असतो,” सोपानराव म्हणाले.

बबनला ते पटलं.

त्या दिवसापासून गावात एक नवीनच प्रकार सुरू झाला. जो तो आपल्याला शुगर नाही हे दाखवायला लागला. गाड्यावर आलेला माणूस मोठ्यानं म्हणायचा, “बबन, दोन चमचे जादा टाक रे!” मग घोट घेऊन इकडंतिकडं बघायचा. एरवी बिनसाखरेचा चहा घेणारे दोघंतिघं होते, तेही आता पाकासारखा चहा प्यायला लागले. त्यातला एक पिताना डोळे मिटून घ्यायचा. स्वतः सोपानरावांनी एकदा बशीत साखर घेऊन नुसती खाल्ली. गुरुवारी दुपारी बबनची साखर संपली आणि त्यानं गूळ काढला.

मीही चार चमचे टाकून प्यायचो. पण ते आधीपासूनच.

अनुसया शाळेत पोषण आहार शिजवायची. आठ वर्षं झाली होती. एकशे बेचाळीस पोरं तिला खिचडीमावशी म्हणायची. ती घरात जितकी बोलायची त्याच्या दुप्पट शाळेत बोलायची. रविवारी सुट्टी असली की तिला करमायचं नाही, भांडी उगाच दोनदा घासायची. त्या आठवड्यात मात्र ती गप्प होती. मला वाटलं, उन्हाचा त्रास.

शुक्रवारी गल्लीत एक बारसं होतं. जिलबी होती. वाढपी आला तेव्हा सोपानराव बायकांच्या पंगतीकडं बघत उभे होते. अनुसयाच्या पानात दोन जिलब्या पडल्या. तिनं एक उचलली, तोंडाशी नेली, आणि मला दिसलं की ती पदरात गेली. नंतर दुसरीही गेली. परत येताना तिनं त्या मला दिल्या.

“खा,” ती म्हणाली. “मला नको झालं.”

मी खाल्ल्या. ती मला गोड नेहमीच द्यायची. दिवाळीचा लाडू, सत्यनारायणाचा शिरा, माहेरहून आलेले पेढे. मला वाटायचं, बायको असावी तर अशी.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. दारातच उभे राहिले.

“अनुसयाबाई, उद्या शाळेत पालकांची सभा आहे. सोपानराव म्हणतात, खिचडी करणाऱ्यांची खात्री करून घ्यायची. शुगर असेल तर बदली बाई ठेवायची. तुम्ही दर मंगळवारी उपकेंद्रात जाता, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलंय.”

“सिस्टरांना भाजी द्यायला जाते,” अनुसया म्हणाली.

“मला माहीत आहे हो. पण भिंतीवर लिहिलंय ना.”

“गुरुजी,” मी म्हणालो, “तुम्ही शिकलेले. शुगर खरंच लागते?”

गुरुजींनी मागं वळून गल्लीत बघितलं. “माझ्या समजुतीप्रमाणे लागत नाही. पण आरोग्य खात्याची भिंत आहे. दुसऱ्या खात्याच्या भिंतीवर मी काय बोलणार?”

ते गेले. अनुसयानं मला विचारलं, “भिंतीचा कागद कुठाय?”

कागद ब्रशच्या डब्याखाली होता. तिनं तो दिव्याखाली धरला आणि एकेक ओळीवर बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

“हा अ कुठं गेला?”

“कुठला अ?”

“हा. लाल रेघेच्या अलीकडचा.”

“तो क्रमांक आहे. अ, ब, क मधला अ.”

“मग ब कुठाय?”

“ब नाहीच. म्हणून तर अ काढला. नुसता एकटा अ लिहून काय करायचं?”

तिनं कागद माझ्यापुढं धरला. मग पोरांना शिकवावं तसं म्हणाली, “अ. संसर्गजन्य. असंसर्गजन्य. अहो, म्हणजे न लागणारे रोग. न लागणारे!”

मी कागद घेतला. सिस्टरनी ओळ अगदी कडेपासून सुरू केली होती. अ समासात पडला होता आणि बाकीचा शब्द रेघेच्या पलीकडं. शाळेत आम्ही समासात प्रश्नाचा क्रमांक लिहायचो. मी तेवढंच धरून चाललो होतो.

“उद्या सभेत सांगा,” अनुसया म्हणाली. “चूक माझी आहे म्हणून.”

“भर सभेत?”

“नाहीतर काय, वाजंत्री लावून?”

“अगं, तीस वर्षं पाट्या रंगवतोय. एक अक्षर कधी चुकलं नाही. तो तालुक्याचा फ्लेक्सवाला सगळीकडं सांगत सुटेल.”

“एक अक्षर चुकलं नाही? आपल्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव ‘नुसया’ छापलं होतं. मजकूर तुम्हीच लिहून दिला होता. तेव्हाही तुम्ही छापखान्यावर ढकललं.”

“ते छापखान्याचंच होतं.”

“तुमचं आणि अ चं काय वाकडं आहे, मला कळत नाही.”

मी म्हणालो, बघू. तिनं कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. तिला एवढं का लागलंय, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानात सभा भरली. एवढी गर्दी मी ग्रामसभेलाही बघितली नव्हती. भोईटे सिस्टर सकाळीच प्रशिक्षणाहून परत आल्या होत्या. त्या तावातावानं आल्या, हातात यंत्राची पिशवी. गुरुजींचं टेबल बाहेर काढलं होतं, त्यामागं बसल्या आणि भिंतीकडं बघून म्हणाल्या, “हे कुणी लिहिलं?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

“कागदावर होतं तसं लिहिलं,” मी म्हणालो.

“मी असंसर्गजन्य लिहून दिलं होतं. मधुमेह हा न लागणारा रोग आहे, एवढं मला कळत नाही होय? वीस वर्षं नोकरी केली मी! कागद कुठाय?”

अनुसया बायकांमध्ये बसली होती. कागद तिच्या कमरेला होता. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, हात हलवला नाही.

“कागद सापडत नाही,” मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. आजही मला ते तसंच्या तसं ऐकू येतं.

सोपानराव उभे राहिले. “म्हणजे पुरावा नाय. सिस्टर म्हणणार लागत नाय, भिंत म्हणती लागती. सिस्टर आज हाय, उद्या बदली हुईल. भिंत हितंच राहणार. पोरांचा प्रश्न हाय. माझं एवढंच म्हणणं, ज्याला शुगर हाय त्यानं खिचडीला हात लावायचा नाय. त्याचं ताट-भांडंबी वेगळं असावं.”

तेव्हा अनुसया उठली.

“मला शुगर आहे,” ती म्हणाली. “सहा वर्षं झाली.”

सगळं मैदान तिच्याकडं बघायला लागलं. मीही त्या लोकांमधलाच एक होतो. माझ्या बायकोला सहा वर्षं शुगर होती आणि मला ते गावाबरोबर कळलं.

“सहा वर्षं मी तुमच्या पोरांना जेवायला घालतेय,” ती म्हणाली. “एका तरी पोराला झाली असेल तर सांगा. पोरांवरनं पटत नसेल, तर यांच्यावरनं तरी बघा.” तिनं माझ्याकडं बोट केलं. “अठ्ठावीस वर्षं हा माणूस माझ्या ताटात जेवतोय. लागायची तर याला आधी लागेल.”

मी उभा राहिलो.  “चूक माझी आहे,” मी म्हणालो. “कागद हिच्याकडं आहे. अ होता. मी काढला.”

मला वाटलं होतं, आता लोक हसतील आणि प्रकरण मिटेल. सोपानराव म्हणाले, “आता बायकोसाठी बोलतोस! मगाशी कागद सापडत नव्हता, बायकोचं नाव आल्यावर सापडला काय?”

अनुसयानं कागद काढून टेबलावर ठेवला. सोपानरावांनी तो उचलला, वाचला आणि सगळ्यांना दाखवला.

“हा बघा अ. रेघेच्या बाहेर हाय. अ इकडं, शब्द तिकडं. मधे लाल रेघ. गुरुजी, तुम्ही सांगा.”

गुरुजींनी चष्मा पुसला. व्याकरणाचा प्रश्न आल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

“हा नञ् समास आहे,” ते म्हणाले.

“समासात हाय हे आमालाबी दिसतंय,” सोपानराव म्हणाले. “म्हणून तर तो धरायचा नाय.”

“तो समास नव्हे हो. शब्दांचा समास. जसं योग्य, अयोग्य. सत्य, असत्य.”

“गुरुजी, शाळेत तुम्हीच छडी मारून शिकवलं, समास सोडून लिहा. आता म्हणता समासातलं वाचा.”

“मी म्हणत नाही, समासात आहे म्हणून वाचा. मी म्हणतो, समास आहे म्हणून वाचा.”

बबन मागून ओरडला, “गुरुजी, एक काय ते ठरवा!”

गुरुजी दहा मिनिटं बोलले. शेवटी अर्धी सभा म्हणत होती अ धरावा आणि अर्धी म्हणत होती धरू नये. मी कबूल केलेली चूक कुणी मान्यच करेना. तीस वर्षं माझी चूक निघाली नव्हती, आणि आता काढून दिली तर कुणी घेईना.

मग पाटलांची म्हातारी म्हणाली, “कागद मरू द्या. बाईनं सांगितलं ना, नवऱ्याला लागली का बघा. त्याचं बोट धरा.”

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी पुढं जाऊन खुर्चीवर बसलो. सिस्टरनी पिशवीतून साबणाच्या वडीएवढं यंत्र काढलं, माझ्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. गर्दी टेबलाभोवती आली. अनुसया टेबलाच्या पलीकडं, सिस्टरांच्या समोर उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला खूण केली, घाबरू नको. मला काय होणार आहे, असं मला वाटत होतं.

माझी साखर जास्त निघाली असती तर तिची खिचडी त्याच दिवशी सुटली असती. सिस्टरनी, गुरुजींनी, कुणीही काहीही सांगून उपयोग झाला नसता.

यंत्र वाजलं. सिस्टरनी बघितलं आणि त्या काही बोलायच्या आत अनुसया टेबलावर वाकून मोठ्यानं म्हणाली, “एकशे दोन!”

सिस्टरनी यंत्राकडं बघितलं. अनुसयाकडं बघितलं. घसा साफ केला.

“एकशे दोन,” त्या म्हणाल्या. “जेवणानंतर एकशे दोन. नॉर्मल.”

“बघू,” सोपानरावांनी हात पुढं केला.

“बंद झालं. पुढच्या माणसाला लावल्यावर चालू होतं. द्या तुमचं बोट.”

“माझं कशाला?”

“अध्यक्ष आहात. पोरांचा प्रश्न आहे.”

“माझा आज शनिवार हाय,” सोपानराव म्हणाले.

“शनिवारी बोट चालतं.”

तेवढ्यात बायकांमधून त्यांच्या बायकोचा, शेवंतावहिनींचा आवाज आला. “अहो, बोटाचं राहू द्या. जेवायच्या आधीची गोळी राहिली तुमची, ती घ्या! परवापासून बशीबशी साखर खाताय, चक्कर येऊन पडाल!”

मैदानात जो हशा झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. हसता हसता जगतापांचा थोरला म्हणाला, मलाही आहे. डोळे मिटून चहा पिणारा म्हणाला, मलाही. मग आणखी तिघं. आपल्याला शुगर आहे हे सांगायला लोक हात वर करायला लागले. सोपानराव बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “मला कधीच शंका होती, ही लागत नसणार.”

खिचडी अनुसयाकडंच राहिली.

मी त्याच दुपारी शिडी लावली. सगळं गाव सूचना द्यायला खाली उभं. ‘सं’च्या डावीकडं पाण्याचा पाइप होता, अ ला जागा नव्हती. शेवटी तो पाइपच्या पलीकडं काढला. भला मोठा काढला. बबन म्हणाला, “पेंटर, परत समासातच गेला की!” तेव्हापासून गावात मला ‘अ पेंटर’ म्हणतात. ते नाव अजून आहे.

घरी जाताना मी पावशेर जिलबी घेतली. खूप दिवसांनी मला इतकं हलकं वाटत होतं. दारातून आत जातानाच म्हणालो, “एकशे दोन! रक्त असावं तर असं!”

अनुसयानं माझ्या हातातली पुडी घेतली आणि दार उघडून शेळीपुढं टाकली.

“दोनशे एक,” ती म्हणाली.

“काय?”

“यंत्र सिस्टरांकडं तोंड करून होतं. मी समोर उभी होते. मी माझ्या बाजूनं वाचलं.”

मला खरं वाटेना. मी खडू घेतला आणि फरशीवर यंत्रावर असतात तसे उभ्या-आडव्या रेघांचे इंग्रजी आकडे काढले. 201. पलीकडं जाऊन बघितलं. 102.

“भर सभेत खोटं बोललीस?”

“खोटं कुठं? समोर दिसलं ते वाचलं. तुम्ही कागदावर होतं तेवढं तरी वाचलंत का?”

मी भिंतीला टेकून बसलो. मग एकदम सुचलं.

“म्हणजे मला तुझ्याकडूनच लागली!”

मला वाटलं ती भांडेल. ती खाली बघत म्हणाली, “हो. माझ्याकडूनच.”

“अगं, मी गमतीनं म्हणालो.”

“गंमत नाही. सहा वर्षं माझ्या वाटणीचं गोड कुणी खाल्लं? लाडू माझा, खाणार तुम्ही. पेढा माझा, खाणार तुम्ही. टाकून दिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं का टाकलंस. म्हणून देत राहिले. मगाशी सिस्टर म्हणाल्या, तसं अगदी सरळ नसतं, तुमचे चहाचे चार चमचे पण आहेत, काम कमी झाल्यापासून नुसतं बसणं आहे, वय आहे. पण मला माहीत आहे ना मी काय काय दिलं ते.”

“मग सांगायचं नाही का मला? सहा वर्षं?”

ती चुलीजवळ गेली, भाकरीचं पीठ काढलं, परत ठेवलं.

“माझ्या आईला क्षय झाला होता,” ती म्हणाली. “मी नऊ वर्षांची. तिचं ताट वेगळं केलं. जर्मनचं ताट, ओळखायला कडेला खिळ्यानं भोक पाडलेलं. ते मी घासायचे, विहिरीवर, सगळ्यांचं झाल्यावर. तो रोग लागणारा होता, मी नाही म्हणत नाही. पण गोळ्या घेऊन आई बरी झाली. डॉक्टरनं लिहून दिलं, बरी झाली. त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. ताट तेच राहिलं. कुणी बदललं नाही. तिनंही मागितलं नाही. मला साखर आहे म्हणून सिस्टरनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी दुसरं काही विचारलं नाही. म्हटलं, ही लागत नाही ना? त्या म्हणाल्या, नाही. तरी मला वाटलं, सांगायला नको.”

  मी उठून दोघांसाठी एकच ताट घेतलं, पाटावर ठेवलं आणि म्हणालो, “भाकरी कर. भूक लागलीय.”

जेवताना ती म्हणाली, “सोमवारी सकाळी उपाशीपोटी उपकेंद्रात जायचं. सिस्टर पक्कं निदान करणार आहेत. खिडकीतून या म्हणाल्या, गावाला दिसायला नको. आणि उद्यापासून माझ्याबरोबर चालायला यायचं.”

“तू चालायला जातेस?”

“रोज. सहा वर्षं. तुम्ही झोपलेले असता.”

“बरं. पण निदान सोमवारपर्यंत तरी चहात साखर—”

“नाही.”

रविवारी सकाळी आम्ही निघालो. ऊन यायचं होतं. ती पुढं, मी मागं. बबन गाडा लावत होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि हातातली किटली तशीच धरून उभा राहिला.

“काय पेंटर, आज जोडीनं? म्हणजे तुम्हालाबी लागलीच शेवटी!”

 बबनला एक गोष्ट कळली की नाश्त्याच्या वेळेपर्यंत ती सोपानरावांच्या घरी असायची. मी चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं वाकलो.

अनुसया थांबलीसुद्धा नाही.

“लागली की!” ती चालता चालता म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं घेतली, पण लागली. बायकोबरोबर चालायची सवय!”

बबन हसत किटली भरायला वळला. ती तोपर्यंत ओढ्याच्या वळणापर्यंत पोचली होती. तिचा पाय फार भरभर पडायचा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि तिच्या मागं पळालो.